घोड्याचं तोंड सोडा, मागचे पाय बघा : ड्रेसाजबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. घोड्याचं डोकं खाली कसं आणायचं, मान कशी वाकवायची? म्हणून आधीच सांगून टाकते. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या बारीक खुणांवर घोड्याने ठरलेल्या चाली आणि आकृती करून दाखवणं. ड्रेसाजच्या घोड्याच्या मानेची ती देखणी कमान हातांनी घडवायची गोष्टच नाही. मागचे पाय पोटाखाली येऊन जोर लावू लागले, पाठ उचलली गेली आणि स्वाराचे हात शांत राहिले, की मान आपली आपण तिथे येते. हाताने ओढून आणलेली मान फोटोत छान दिसते, पण त्या घोड्याची पाठ खचलेली असते. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : माझा थरोब्रेड सात वर्षांचा आहे, रेसमधून निवृत्त झाल्यावर घेतला. ट्रॉटला (दुडकीला) डोकं वर करून सुटतो. मी जितका ओढतो तितका तो जास्त पळतो. क्लबमधले काहीजण ड्रॉ-रेन (डोकं खाली ओढणारा जादा लगाम) लावायला सांगतात, काहीजण तोंडात कडक लगाम. काय करू? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा घोडा हट्टी नाही, तो शिकवलेलंच करतो आहे. रेसमध्ये जॉकी रिकिबी आखूड ठेवून पाठीवरून उठून बसतो आणि लगाम घट्ट धरतो. घोडा त्या लगामावर रेलतो, त्याचा आधार घेतो आणि धावतो. त्याच्या लेखी ताणलेला लगाम म्हणजे ‘चल, पळ’. शिवाय जॉकीची पोटरी त्याच्या बरगड्यांना कधी लागत नाही. आता तुम्ही पाठीवर पूर्ण वजन टाकून बसता, पाय दोन्ही बाजूंना लोंबतात आणि वर लगाम ओढता. त्याला या सगळ्याचा एकच अर्थ माहीत आहे.

खोगीर घालण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या. दातांच्या कडा धारदार झाल्या असतील तर घोडा लगामापासून डोकं पळवणारच, तेव्हा पशुवैद्याकडून दात घासून घ्या. पाठ बोटांनी दाबून बघा, दुखत असेल तर ती तुमच्या बोटांखाली खचते. खोगीर पुन्हा बसवून बघा. रेसमधून आल्यावर स्नायूंची ठेवण बदलत जाते आणि आधी नीट बसलेलं खोगीर काही महिन्यांत खांद्यांवर रुतू लागतं. चौथी गोष्ट पोटाची. रेसच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण फार आढळतात. खोगिराचा पट्टा आवळताना तो कान पाडत असेल, चावायला येत असेल, तर डॉक्टरांशी बोला. ओट्स आणि हरभरा कमी करा, चारा वाढवा. साधारण ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान सात किलो कोरडा चारा पोटात जायला हवा, आणि तो एकदम न देता दिवसभरात विभागून.

आता स्वारी. सुरुवातीची वीस मिनिटं फक्त वॉक, म्हणजे साधं चालणं. लगाम लांब, पण सैल लोंबता नाही. या वेळात त्याला तुमच्या पायाची सवय लागू द्या. पोटरी त्याच्या अंगाला हलकी चिकटलेली राहू दे. पाय उचलून धरलात तर तो लागेल तेव्हा घोडा दचकेल, कायम लागलेला पाय त्याला घाबरवत नाही.

ट्रॉट २० मीटर व्यासाच्या वर्तुळावरच करा. सरळ रेषेत तो पळेल, कारण सरळ रेषेत पळायचंच त्याला शिकवलं आहे. वेग वाढला की ओढू नका. वर्तुळ लहान करा, १५ मीटरवर या, शांत झाला की पुन्हा २० वर जा. वळणच त्याला हळू करतं, तुमचे हात मोकळे राहतात. त्याच वेळी रायझिंगची, म्हणजे ट्रॉटमध्ये खोगिरातून उठण्या-बसण्याची, लय तुम्ही ठरवा. घोड्याच्या तालाबरोबर न उठता त्याच्यापेक्षा किंचित सावकाश उठा आणि सावकाश बसा. आठ-दहा पावलांत तो तुमच्या तालावर येतो. माझ्याकडे येणाऱ्या थरोब्रेडवाल्या स्वारांना मी पहिल्यांदा हेच शिकवते, कारण लगामाला हात न लावता घोडा हळू होतो यावर करून पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

मग संक्रमणं. दहा पावलं ट्रॉट, पाच पावलं वॉक, पुन्हा ट्रॉट. खाली येताना आधी श्वास सोडा, पोट घट्ट करा, मांड्या किंचित आवळा, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या (वर्तुळाबाहेरच्या बाजूच्या) लगामावरची मूठ मिटा. तो थबकला की त्याच क्षणी मूठ उघडा. शिक्षण त्या उघडण्यात आहे. मूठ मिटलेलीच राहिली तर त्याला पुन्हा रेलायला आधार मिळाला. अधूनमधून आतला हात मानेवरून अर्धी वीत पुढे न्या आणि दोन पावलांनी परत आणा. तेवढ्यात चाल आणि ताल तसाच राहिला तर घोडा स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो आहे. पळाला तर अजून तो तुमच्या हातावर उभा आहे.

ड्रॉ-रेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : या घोड्याला नको. त्याने डोकं छातीकडे येईल, पण मान मध्येच मोडेल आणि मागचे पाय होते तिथेच मागे राहतील. ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही डोक्याचा माथा, म्हणजे दोन कानांमागची जागा, सर्वांत उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे हवं असं म्हटलं आहे. कडक लगामाने तर ज्याला तो घाबरतो तेच वाढेल. तोंडात साधा, मधे जोड असलेला सौम्य लगाम, म्हणजे स्नॅफल, ठेवा. नाकपट्टा नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जातील इतका सैल ठेवा. पाठीचे स्नायू भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढा वेळ त्याला द्या.

प्रश्न : नोकरी सांभाळून दोन वर्षं शिकते आहे. पहिल्याच स्पर्धेत वर्तुळांना दहापैकी पाचच गुण मिळाले, शेरा ‘गोल नाही’. घोडा छान चालत होता. एवढ्या बारीक गोष्टीला इतकं महत्त्व असतं का? — मुंबई

उत्तर : असतं, आणि तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. महागडा घोडा विकत घ्यावा लागतो, गोल वर्तुळ फुकट मिळतं.

हांगझोउच्या एशियाडमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, तुमच्या मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. १९८२ नंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. आपला आकडा होता २०९.२०५. पण मी विद्यार्थ्यांना त्याच्या खालच्या दोन ओळी वाचायला लावते : चीन २०४.८८२, हाँगकाँग २०४.८५२. रौप्य आणि कांस्य यांत ०.०३ चं अंतर! २५० गुणांच्या साध्या चाचणीत एका परीक्षकाचा अर्धा गुण म्हणजेच ०.२ टक्के होतो. आता तुमच्या पाचांचा हिशेब करा.

वर्तुळ बिघडतं ते बहुतेक वेळा अरीनाच्या (स्वारीच्या आयताकृती मैदानाच्या) कडेला लावलेल्या अक्षरांमुळे. २० बाय ६० मीटरच्या अरीनात आखूड बाजूच्या मध्यावरच्या ‘ए’ला वर्तुळ सुरू केलं की स्वार पुढच्या अक्षराकडे बघत जातो आणि कोपऱ्यात शिरतो. ‘के’ कोपऱ्यापासून ६ मीटरवर आहे. तुमचं वर्तुळ लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर, म्हणजे ‘के’च्या ४ मीटर पुढे टेकलं पाहिजे. मधली रेषा ‘ए’पासून २० मीटरवर ओलांडायची, म्हणजे ‘व्ही’ आणि ‘पी’ यांना जोडणाऱ्या रेषेच्या २ मीटर पुढे. २० बाय ४० च्या अरीनात तीच जागा मधोमधची ‘एक्स’ असते, म्हणून तिथे सोपं जातं आणि मोठ्या अरीनात गेलं की घोटाळा होतो. चारही बिंदूंवर फक्त एक पाऊल टेकायचं आणि निघायचं. भिंतीला धरून तीन-चार पावलं चाललात की ते वर्तुळ राहिलं नाही, कोपरे बोथट केलेला चौकोन झाला.

सरावाला चार बिंदूंवर शंकू ठेवा आणि प्रत्येक पाव वर्तुळात किती पावलं पडतात ते मोठ्याने मोजा. चारही आकडे सारखे आले पाहिजेत. एका पावात जास्त आली तर तिथे खांदा बाहेर निसटतो आहे. हे बहुधा अरीनाच्या दाराच्या बाजूला होतं, घोड्याला तबेल्याकडे जायचं असतं. तिथे आतला लगाम ओढू नका, त्याने खांदा आणखी बाहेर जाईल. बाहेरचा लगाम मानेला लावा, बाहेरची मांडी आवळा आणि नजर पुढच्या शंकूकडे आधीच वळवा. चाचणीत फ्री वॉक (लगाम लांब सोडून मोकळा वॉक) असेल तर त्याचाही असाच सराव करा. पुष्कळ प्राथमिक चाचण्यांत त्याचे गुण दुप्पट धरतात, आणि बहुतेक स्वार तेव्हा विश्रांती घेत असतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. सिटिंग ट्रॉटला (न उठता बसून केलेल्या दुडकीला) खूप उसळते. सर रिकिबी काढून टाक म्हणतात. मग गुडघे आवळते आणि जास्तच उसळते. — नाशिक

उत्तर : तुझ्या सरांचं बरोबर आहे, फक्त ते तुला मोकळ्या अरीनात नको. लंजवर, म्हणजे घोडा लांब दोरीवर गोल फिरत असताना कर. दोरी सरांच्या हातात, लगामाला गाठ मारून मानेवर, आणि तुझा एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर. घोड्याची जबाबदारी तुझ्यावर नसली की शरीर सैल होतं.

उसळण्याचं कारण गुडघे आवळणं हेच आहे. आवळलेले गुडघे तुला खोगिरातून वर ढकलतात. दुडकीत घोड्याची पाठ डावी-उजवी आलटूनपालटून खाली जाते. तुझी बसण्याची दोन हाडं तिच्याबरोबर एकेक करून खाली गेली पाहिजेत, डोंगर उतरताना दोन्ही नितंब आळीपाळीने हलतात तशी. पाय मांडीपासून लांब सोडून दे, बोटं वर ओढू नकोस, खांदे कानांपासून दूर ठेव. घोडा सावकाश चालत असताना दहा पावलं बस, उसळायला लागलीस की लगेच रायझिंग. हट्टाने बसून राहू नकोस. तू आपटतेस तेव्हा ते त्याच्या पाठीला लागतं, तो पाठ ताठ करतो आणि मग बसणं कुणालाच शक्य नसतं. रोज पाच-सात मिनिटं पुरेत. घरी पोटाचे आणि कमरेचे व्यायाम कर, बसण्याची ताकद तिथून येते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडा घेतला. नाचतो फार सुंदर. लोक म्हणतात ही पियाफच आहे. याला ड्रेसाज शिकवता येईल का? — शहादा

उत्तर : शिकवता येईल, आणि तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. दत्तजयंतीच्या यात्रेत देखणे घोडे येतात, आणि त्यांच्याकडे नाच आणि वरात यांपलीकडे बघणारे मालक हवेत. पण ही पियाफ नाही, हे आधी सांगायला हवं.

पियाफमध्ये घोडा जवळजवळ जागच्या जागी दुडकी चालतो. तिरकी जोडी, म्हणजे उजवा पुढचा आणि डावा मागचा, एकत्र उचलली जाते. पुठ्ठा खाली बसतो, मागचे पाय भार घेतात आणि पुढचं अंग हलकं होतं. नाचात पुष्कळदा नेमकं उलटं असतं. पुठ्ठा वर, पाठ खचलेली, पुढचे पाय फेकलेले. दोन खांबांमध्ये बांधून शिकवतात म्हणून तसं होतं, असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. शास्त्रशुद्ध घोडेस्वारीसाठी नावाजलेल्या व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या सभागृहातही दोन खांब आहेत. पायांवर काठी मारून, घाबरवून पाय उचलायला लावलेले असतात, दोष त्याचा आहे.

पहिलं काम : तोंडातला लगाम काढून हातात घेऊन बघा. आतून काटे किंवा खिळे असतील तर तो पुन्हा घालू नका. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे. जीभ आणि ओठांचे कोपरे तपासा, जखमा असतील तर त्या भरेपर्यंत तोंडात काही नको, नुसत्या मोरखीवर हातात धरून फिरवा. नंतर साधा स्नॅफल.

दुसरं काम चालीचं. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत रवाल चाल (एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने टाकणारी) असते आणि आपल्याकडे तिचं कौतुकही होतं. बसायला ती मऊ असते, लांबच्या वाटेला उत्तम. ड्रेसाजला मात्र वॉक स्पष्ट चार ठोक्यांचा, ट्रॉट दोन ठोक्यांचा आणि कँटर (संथ दौड) तीन ठोक्यांचा लागतो. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने पडू लागले की वॉकचे गुण भराभर जातात. मोबाईलवर बाजूने चित्रण करा आणि सावकाश करून बघा. मागचा पाय पडल्यावर त्याच बाजूचा पुढचा थोडा थांबून पडतो आहे का?

रवाल सोडवायला जमिनीवरचे खांब फार उपयोगी. चार बांबू किंवा निलगिरीचे वासे, तुमच्या घोड्याच्या उंचीला साधारण १.२ मीटर अंतरावर. आधी एक, मग दोन, मग चारही. खांबांवरून जाताना त्याला पाय तिरक्या जोडीनेच टाकावे लागतात. हे लंजवर करा, पाठीवर कुणी नको. मान आपोआप उंच असलेल्या या घोड्यांना तोंड खाली-पुढे लांबवायला शिकवणं हेच खरं काम आहे, कारण पाठ तेव्हाच उचलते. त्याने मान लांबवली की शब्दाने शाबासकी द्या आणि थांबवा. नाच काही महिने पूर्ण बंद. ढोल वाजला की पाय उचलायचे ही सवय आधी विसरू दे. थरोब्रेडएवढं लांब पाऊल याचं पडणार नाही, पण ताल, सरळपणा आणि विश्वासाचे गुण त्याला पुरेपूर मिळवता येतील.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. मोठ्या भावाचं जुनं सायकलचं हेल्मेट चालेल का? — ठाणे

उत्तर : नाही. घोडेस्वारीचं प्रमाणित हेल्मेटच हवं. हनुवटीखालचा पट्टा लावून डोकं हलवलं तर ते सरकता कामा नये. जोरात पडल्यावर वरून धड दिसलं तरी बदलायचं. बूट टाचेचे हवेत, सपाट तळाच्या बुटातला पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो.

प्रश्न : घोडी डावा कँटर लगेच घेते, उजवा घेतच नाही. टाच कितीही मारा. — कोल्हापूर

उत्तर : टाच मारणं थांबवा. हे अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मागच्या गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असंच दिसतं. पहिल्यापासून असेल तर घोडी वाकडी आहे, जसे आपण उजवे-डावखुरे असतो.

उजवा कँटर, म्हणजे उजवा पुढचा पाय आघाडीला असलेला, डाव्या मागच्या पायाने सुरू होतो. म्हणून तुमचा डावा पाय पट्ट्याच्या जरा मागे, उजवा पट्ट्यापाशी, आणि वजन बसण्याच्या उजव्या हाडावर. बहुतेक स्वार याच क्षणी पुढे वाकून तिच्या खांद्याकडे बघतात. त्याने वजन नेमकं त्याच खांद्यावर पडतं जो तिला उचलायचा आहे. ताठ बसा. वॉकमध्ये लांब बाजूला दहा मीटरचं अर्धं वर्तुळ घेऊन तिरकं भिंतीकडे या, भिंतीशी पोचण्याआधी चार पावलं ट्रॉट, आणि नव्या दिशेच्या कोपऱ्यातच कँटरची खूण. चुकीचा घेतला तर शिक्षा नको, शांतपणे वॉकवर आणा आणि पुन्हा. बरोबर घेतला की अर्ध्या फेरीत थांबवून खाली उतरा. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून देईल.

प्रश्न : जून ते सप्टेंबर आमचा अरीना चिखलात असतो. चार महिन्यांत घोड्याचं सगळं शिक्षण वाया जातं. — मावळ

उत्तर : जाणार नाही. पावसाळा हा वॉकचा हंगाम समजा. शोल्डर-इन (खांदे आत घेऊन चालणं), लेग-यील्डिंग (पायाच्या खुणेने बाजूला सरकणं), थांबून चार पावलं मागे येणं, पुढच्या पायांभोवती वळणं, हे सगळं वॉकमध्ये शिकवता येतं आणि खरं तर तिथेच शिकवावं. डांबरी रस्त्याची कड, पक्कं अंगण, तबेल्यांमधली गल्ली, काहीही चालतं, फक्त शेवाळ नको. शोल्डर-इनसाठी पुढचे पाय भिंतीपासून इतकेच आत आणा की समोरून बघणाऱ्याला पायांच्या तीन रेषा दिसतील. कोन जास्त झाला की घोडा आडवा चालू लागतो आणि वाक हरवतो. पाच-सहा पावलं नीट झाली की सरळ. डांबरावर ट्रॉट जास्त नको, सांधे बसतात.

उघडीप मिळाली की लगेच चिखलात कँटर करायचा मोह होईल. पाय रुतून स्नायूबंध दुखावतात, तेव्हा आधी स्वतः त्या जमिनीवर चालून बघा. बूट घोट्यापर्यंत जात असेल तर घोडा नको.

खूर रोज दोनदा साफ करा. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाशेजारच्या खाचांमधून काळा, दुर्गंधीचा पू आला तर कूज लागली आहे. कोरडं अंथरूण घाला, नालबंदाला बोलवा आणि औषध डॉक्टरांना विचारून लावा. दमट दिवशी काम झाल्यावर श्वास जोरात चालला असेल तर थंड पाणी अंगभर सतत ओतत राहा आणि प्यायला लगेच द्या. घोड्याच्या घामातून मीठ खूप जातं, म्हणून खाद्यातून किंवा चाटायच्या खड्यातून मीठ द्या. नालबंदाची पाळी पावसातही चुकवू नका, पाच-सहा आठवड्यांनी त्याला बोलवायचंच.